‘चिको’चे ‘गोरे गोरे’ झाले तेव्हा

‘समाधी’ हा चित्रपट आज फारसा कुणाच्या स्मरणात नाही. १९५० साली तो प्रदर्शित झाला तेव्हा मात्र त्या वर्षी जोरात चाललेल्या चित्रपटांत त्याची गणना झाली. आझाद हिंद सेनेची पार्श्वभूमी, फिल्मिस्तानसारखी नामांकित संस्था, रमेश सैगल यांचे दिग्दर्शन, अशोककुमार आणि नलिनी जयवंत यांच्या भूमिका असा सगळा ऐवज जवळ असूनही पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले ते त्यातील एक गाणे. लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायिलेले ‘गोरे गोरे’. सी. रामचंद्र यांचे संगीत आणि राजेंद्र कृष्ण यांचे शब्द. चित्रपट पाहिलेला नसलेल्या माणसालाही ही चाल गुणगुणता येते आणि लग्नाच्या वरातीत बँडवाला ती आजही सुरू करतो.

ही चाल मूळची मुंबईची नव्हे, हे जाणकारांना ठाऊक आहे. ती १९४५ च्या ‘डॉल फेस’ या हॉलिवूडपटातील ‘चिको चिको’ या गाण्यावरून घेतली आहे. आपल्याकडे ही चर्चा बहुधा एवढ्यावरच थांबते. ‘चोरी’ असा एक शब्द उच्चारला की प्रकरण मिटते. परंतु ‘चिको चिको’चा संगीतकार कोण होता हे पाहू गेल्यास गोष्ट अधिक रंजक होत जाते. जिमी मॅकह्यू हे त्याचे नाव. जॅझच्या इतिहासात ज्या गीतांना ‘स्टँडर्ड’ म्हणून मान मिळाला, त्यांतील कितीतरी गीते याच माणसाच्या नावावर आहेत. आणि गंमत अशी की, त्याची इतर गीते जॅझ वादकांनी पिढ्यान् पिढ्या वाजवली, ‘चिको चिको’ मात्र त्यांनी उचलले नाही. अमेरिकेत ते विस्मरणात गेले आणि हिंदुस्थानात दुसऱ्या नावाने जगले.

‘स्टँडर्ड’ म्हणजे काय, हे मराठी श्रोत्याला समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. आपल्या ख्यालगायनातील बंदिशीसारखेच ते असते. बंदिश चार ओळींची. ती ग्वाल्हेरवाला एका तऱ्हेने मांडतो, आग्र्याचा गायक दुसऱ्या तऱ्हेने, आणि श्रोता बंदिश ऐकायला जात नाही, त्या बंदिशीचे आज काय होते ते ऐकायला जातो. जॅझमध्येही तसेच. ओळखीचे एखादे गीत घ्यायचे, त्याची चाल एकदा वाजवून दाखवायची, आणि मग त्या चालीखालची स्वरसंगतीची साखळी कायम ठेवून वर नवी कल्पना रचत जायचे. बहुतेक स्टँडर्ड ही बत्तीस मात्राखंडांची असतात. पहिला भाग दोनदा, मग वळण घेणारा मधला भाग, पुन्हा पहिला. त्यांचा जन्म मात्र मैफलीत झालेला नाही. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील संगीतिका आणि हॉलिवूडचे चित्रपट यांसाठी व्यावसायिक गीतकार-संगीतकारांनी ती लिहिली, आणि वादकांनी ती आपलीशी केली. म्हणजे नाट्यपदे मैफलीत यावीत तसा हा प्रकार.

मॅकह्यू बोस्टनचा. जन्म १८९४ चा. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ‘कॉटन क्लब’साठी तो गाणी करू लागला. तेथे गाणारे, नाचणारे, वाजवणारे कृष्णवर्णीय आणि पाहणारे गोरे, अशी त्या क्लबची रीत होती. डोरोथी फील्ड्स ही गीतलेखिका त्याला जोडीदार म्हणून मिळाली. या जोडीचे ‘आय कान्ट गिव्ह यू एनिथिंग बट लव्ह’ १९२८ मध्ये रंगभूमीवर आले आणि पुढच्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँगने ते ध्वनिमुद्रित केले. १९३० मध्ये ‘ऑन द सनी साइड ऑफ द स्ट्रीट’ आले. या एका गीताच्या तबकड्या मांडल्या तरी जॅझचा निम्मा इतिहास समोर येतो. आर्मस्ट्राँगने ते १९३४ मध्ये पॅरिसमध्ये मुद्रित केले. १९३७ मध्ये लायनेल हॅम्प्टनच्या तबकडीत जॉनी हॉजेसच्या सॅक्सोफोनने त्याला लडिवाळ करून टाकले. १९४४ मध्ये बिली हॉलिडेने ते गायिले. आणि १९५७ मध्ये डिझी गिलेस्पीने सनी स्टिट व सनी रॉलिन्स या दोन सॅक्सोफोनवादकांना सोबत घेऊन ते वाजवले, तेव्हा चाल तीच असूनही युग बदललेले होते.

या दोन्ही गीतांभोवती एक वाद आहे आणि तो पुढे उपयोगी पडणार आहे. फॅट्स वॉलर हा त्या काळातला अफाट गुणवत्तेचा कृष्णवर्णीय पियानोवादक. पैशाची चणचण त्याला कायमची. हाती आलेली चाल किरकोळ रकमेला विकून मोकळा होणे ही त्याची सवय होती, हे सर्वज्ञात आहे. या दोन्ही चाली मूळच्या वॉलरच्या असून त्याने त्या मॅकह्यूला विकल्या, असे बोलले गेले. ‘सनी साइड’ नभोवाणीवर लागले की वडील संतापत, असे वॉलरच्या मुलाने त्यांच्या चरित्रात लिहिले आहे. मॅकह्यूच्या बाजूने याचा इन्कार झाला. निर्णायक कागद कुणाकडेच नाही. तबकडीवर मात्र आजही मॅकह्यूचे नाव छापले जाते. म्हणजे ज्याची चाल मुंबईत नाव न सांगता घेतली गेली, त्याच्यावरही नेमका तोच आरोप होता.

१९४५ पर्यंत मॅकह्यू हॉलिवूडमध्ये स्थिरावला होता आणि हॅरोल्ड अ‍ॅडमसन हा त्याचा गीतकार होता. अमेरिकेचे लॅटिन देशांशी स्नेहाचे धोरण आणि युद्धाचे दिवस यांमुळे पडद्यावर सांबा आणि रुंबा यांची चलती होती. तिचा चेहरा म्हणजे कारमेन मिरांडा. डोक्यावर फळांची रास घेऊन नाचणारी ही गायिका जन्माने पोर्तुगीज, वाढली ब्राझीलमध्ये, आणि ‘डॉल फेस’मध्ये ती पोर्तो रिकोच्या कुणा चिकोचे गाणे गाते. चाल लिहिणारा बोस्टनचा. पोर्तो रिकोची भाषा स्पॅनिश, ब्राझीलची पोर्तुगीज. पण हॉलिवूडला अशा तपशिलांशी कर्तव्य नव्हते. लगेच लंडनमध्ये एडमंडो रॉस या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या वाद्यवृंदप्रमुखाने हे गाणे आपल्या रुंबा वाद्यवृंदासह मुद्रित केले. ‘गोरे गोरे’चा उगम सांगताना आपल्याकडे पुष्कळदा रॉसच्या या तबकडीचेच नाव घेतले जाते. अस्सलपणाचा शोध घेणाऱ्याच्या हाती या साऱ्या वंशावळीत फारसे काही लागत नाही. चाल जन्मतःच उसन्या वेषात होती.

ती मुंबईत आली तेव्हा तिला ओळखणारी माणसे येथे होती. १९३५ च्या हिवाळ्यात लिऑन अ‍ॅबी या अमेरिकी कृष्णवर्णीय वादकाचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलमध्ये दाखल झाला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे वादक आले. त्यांच्या शेजारी बसून वाजवता वाजवता जी स्थानिक मुले जॅझ शिकली, त्यांत गोव्याची मुले मोठ्या संख्येने होती. याचे कारण गोव्याच्या गावोगावच्या चर्चमध्ये सापडते. चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवण्याची परंपरा पोर्तुगीज अमदानीपासून चालत आली होती. कागदावर लिहिलेले सूर पाहताक्षणी वाजवणारा वादक पाहिजे असेल तर तो गोव्याचा, हे समीकरण मुंबईत रूढ झाले. मूकपटांच्या काळात हे वादक पडद्यापुढच्या खड्ड्यात बसत, नंतर हॉटेलांत वाजवू लागले. धोबीतलावच्या ‘कुडां’त, म्हणजे गावकीच्या खोल्यांत, राहायचे आणि रात्री कोट चढवून साहेबांना नाचवायचे.

अल्दोना गावचा अँटोनियो झेवियर वाझ हा त्यांतलाच एक. जन्म १९१६ चा. ट्रम्पेट हे वाद्य आणि आर्मस्ट्राँग हे दैवत. मुंबईने त्याला ‘चिक चॉकलेट’ हे नाव दिले आणि ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ ही पदवीही. रात्री हॉटेलात स्वतःचा वाद्यवृंद चालवणारा हा माणूस दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जाऊ लागला. पुढे तर ती गरजच झाली. साहेब गेला, संस्थानिकांचे तनखे झाले, आणि १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आणली. १९५० पासून ती पूर्णत्वाने लागू झाली. मद्य नाही म्हटल्यावर नाचघरे ओस पडू लागली. जॅझ वाजवणाऱ्यांना पोटासाठी एकच मोठा दरवाजा उघडा होता, आणि तो हिंदी चित्रपटाचा होता. मोरारजी देसाईंच्या दारूबंदीने हिंदी चित्रपटसंगीताला काय दिले, यावर कुणी प्रबंध लिहिलेला दिसत नाही. लिहायला हरकत नाही.

दरवाज्याच्या आत रामचंद्र नरहर चितळकर होते. जन्म १९१८, गाव पुणतांबे, जिल्हा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर. आधी नागपुरात आणि मग पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी रीतसर गाणे शिकले. नट होण्याच्या आशेने चित्रपटात आले, ‘नागानंद’ पडला, मग मिनर्व्हा मुव्हिटोनमध्ये पेटीवर बसले. नावांच्या बाबतीत हा माणूस विलक्षण मोकळा होता. मा. भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ला संगीत देताना ते राम चितळकर होते, कुठे अण्णासाहेब, कुठे श्यामू, गाताना नुसते चितळकर. ‘सी. रामचंद्र’ हे नाव पुढे पक्के झाले. १९४७ च्या ‘शहनाई’त त्यांनी गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ यांचा असा काही उपयोग केला की ‘आना मेरी जान’ने देशभर धुमाकूळ घातला. तक्रारीही झाल्या. शास्त्रीय तालमीतल्या मराठी माणसाने हे काय चालवले आहे, असा तक्रारीचा सूर होता.

तक्रारकर्त्यांच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी की, हे ‘काय’ एकट्याने चालवता येण्यासारखे नव्हतेच. संगीतकार पेटीवर चाल बांधतो. तिथून ती तीस वादकांपर्यंत जायची तर कुणीतरी ती कागदावर उतरवावी लागते. ट्रम्पेटने कुठे यायचे, सॅक्सोफोनने कुठे थांबायचे, व्हायोलिनांनी गायिकेच्या ओळीखाली काय धरून ठेवायचे, हे सारे लिहावे लागते. मुखडा आणि अंतरा यांच्या मधली जागा भरावी लागते. हे काम अरेंजरचे, आणि रामचंद्रांकडे ते करण्यात चिक चॉकलेटचा मोठा वाटा होता. ‘समाधी’च्या या गाण्यावर आणि पुढल्या वर्षीच्या ‘अलबेला’तील ‘शोला जो भडके’वर त्याची मुद्रा स्पष्ट ऐकू येते, असे मुंबईच्या जॅझचा इतिहास ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या २०१२ च्या पुस्तकात लिहिणाऱ्या नरेश फर्नांडिस यांनी नोंदवले आहे. ध्वनिमुद्रणाची पद्धतही लक्षात घ्यायला हवी. तेव्हा वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मुद्रित करून मागाहून जोडण्याची सोय नव्हती. गायक, कोरस, वादक सगळे एका वेळी, आणि एकाची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. अशा कामाला कागद वाचून न चुकता वाजवणारे हातच लागतात.

दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐकली की रामचंद्रांनी काय घेतले आणि काय सोडले, हे कळते. मुखड्याची उडी सरळ ‘चिको’ची आहे, त्यात लपवाछपवी नाही. लॅटिन ठेकाही घेतला, पण तो आपल्या केरव्याच्या इतका जवळ आणून ठेवला की तबलजीलाही परका वाटू नये. अंतऱ्यात मात्र गाणे हिंदी वळणावर येते, सूर लांबतात, आणि शब्दांना बसायला जागा मिळते. सर्वांत मोठा बदल मांडणीतला आहे. ‘चिको’ हे एका गायिकेने दुसऱ्याविषयी सांगितलेले गाणे. ‘गोरे गोरे’ हा सवाल-जवाब आहे. एकीने बोलवायचे, दुसरीने आढेवेढे घेत होकार द्यायचा. तमाशाच्या मुलखातल्या माणसाला ही युक्ती कुठून सुचली, हे वेगळे सांगायला नको.

आवाजांची निवडही पाहण्यासारखी आहे. अमीरबाई तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या. ‘किस्मत’च्या गाण्यांनी १९४३ पासून त्यांचे नाव देशभर झालेले. बालगंधर्वांच्या आयुष्यात आणि नाटक मंडळीत आलेल्या गोहरबाई या त्यांच्या भगिनी. लता मंगेशकर तेव्हा विशीत होत्या. १९४९ च्या ‘महल’, ‘बरसात’, ‘अंदाज’ने त्यांचा काळ नुकता सुरू झाला होता. मावळता आणि उगवता असे दोन आवाज एका तबकडीवर आले. शिवाय लताबाईंचे पितृघराणे मंगेशीचे. एका बाजूला फोंड्याच्या देवळांतून आलेली गाण्याची परंपरा, दुसऱ्या बाजूला बार्देशातल्या चर्चमधून आलेली वादनाची परंपरा. गोव्यात या दोन परंपरांना एकमेकींच्या शेजारी बसण्याचा प्रसंग क्वचितच येत असेल. मुंबईच्या स्टुडिओत तो रोज येत होता.

पडद्यावर हे गाणे नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर नाचून सादर करतात. कथेत त्या दोघी बहिणी आहेत, नर्तकी आहेत, आणि आडनाव आहे डिसूझा. इंग्रजांसाठी हेरगिरी करणाऱ्या. हिंदी चित्रपटाने गोवेकर ख्रिस्ती माणसाला कोणत्या खणात ठेवले होते, याचा हा एक नमुना. नाचगाणे, क्लब आणि थोडासा संशय. प्रत्यक्षातले वाझ, गोम्स आणि फर्नांड कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर नोटेशनचे कागद लावत होते.

तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांची. तिने गाणे शहरांत पोहोचवले. खेड्यांत ते पोहोचले जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाने, कर्ण्याने आणि काही वर्षांनी नभोवाणीने. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळजवळ बंद केली आणि श्रोते शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळले. ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षाअखेर सुरू झाली. या साऱ्याचा विस्तार किती होता, हे नकाशावर पाहिले म्हणजे समजते. मनमाडहून एक लोहमार्ग दक्षिणेला दौंडकडे जातो. त्यावर रामचंद्रांचे पुणतांबे. दुसरा मार्ग मराठवाड्यात शिरतो, परभणी, पूर्णा करत नांदेडला पोहोचतो; त्यावर पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान चुडावा हे लहानसे स्थानक लागते. १९५० साली हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. चुडाव्यासारख्या गावी ना हॉटेलचे नाचघर, ना ट्रम्पेटचा शिक्षक. ‘जॅझ’ हा शब्दही कुणी उच्चारण्याचे कारण नव्हते. पण तालुक्याच्या गावाहून वरातीसाठी बँड येई, आणि बँडवाल्याला सिनेमाचे चालू गाणे वाजवावेच लागे.

या बँडांकडे आपण संगीत म्हणून कधी पाहिले नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००५ मध्ये ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक त्यांच्यावर लिहिले, आणि २००८ मध्ये चित्रपटांच्या वादकांवर ‘बिहाइंड द कर्टन’ लिहिले. एकाच माणसाने हे दोन विषय हाताळावेत हे सयुक्तिक आहे. लष्करी बँडांच्या अनुकरणातून निघालेली ही मंडळी नोटेशन वाचत नाहीत, कानाने उचलतात. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवर चाल, खाली ढोलाचा दणका. वाद्यवृंदाच्या ट्रम्पेटमधून गायिकेच्या कंठात गेलेली चाल बँडवाल्याकडे आल्यावर पुन्हा ट्रम्पेटवर येते, आणि प्रत्येक बँडमास्तर तिला आपले एखादे वळण देतो. बत्तीस मात्राखंड मोजत नाही एवढेच. जॅझवाल्यांनी ‘चिको चिको’ स्टँडर्ड म्हणून स्वीकारले नाही. या लोकांनी स्वीकारले. नंतर वाद्यवृंदांचे कार्यक्रम आले, रिमिक्स आले. त्यांतही हे गाणे होतेच.

मग ही चोरी होती की नव्हती? कायद्याच्या भाषेत उत्तर द्यायचे तर, मूळ संगीतकाराची परवानगी आणि नामोल्लेख यांवाचून मुखडा घेतला गेला. तबकडीवर मॅकह्यूचे नाव नव्हते. पण उसनवारी हा जॅझचाच धर्म आहे. १९४५ मध्ये, म्हणजे ‘डॉल फेस’च्याच वर्षी, चार्ली पार्करने ‘चेरोकी’ या लोकप्रिय गीताची स्वरसंगती जशीच्या तशी ठेवून वर नवी चाल रचली आणि तिला ‘को-को’ असे नाव दिले. चाल नवी असल्याने मूळ संगीतकाराला मानधन द्यावे लागत नसे. बीबॉप पंथाच्या वादकांनी असे किती तरी केले. रामचंद्रांनी उलटे केले. चाल ठेवली आणि खालचे घर बदलले.

आणि चालीवर चाल बांधणे ही तर मराठी रंगभूमीची जुनी रीत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतल’पासून पदे रचली गेली ती ओळखीच्या चालींवर. कधी कानडी, कधी लावणी, कधी हिंदुस्थानी चीज. गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या ‘मानापमाना’ला पूरबच्या ठुमरीचे रंग दिले; १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या बंदिशी दिल्या. फरक एका बाबतीत आहे. नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द असे आणि त्यापुढे मूळ गाण्याची ओळ. ऋण सांगूनच पद सुरू होई. बंदिशींत तर सदारंगासारखा रचनाकार आपली मुद्रा शब्दांतच गुंफून ठेवतो. गाणाऱ्याला इच्छा असो वा नसो, त्याचे नाव घ्यावेच लागते. हिंदी चित्रपटाने मराठी नाटकाकडून पुष्कळ घेतले, पण ‘चाल’ हा एक शब्द घ्यायचा तेवढा राहून गेला. त्याची जागा तबकडीवर असती तर मॅकह्यू आणि अ‍ॅडमसन तिथे आले असते, आणि त्यांच्या शेजारी कदाचित अल्दोनाचा वाझही.

रामचंद्रांची कीर्ती या गाण्यावर अवलंबून नव्हती. ‘अनारकली’च्या चाली बांधणारा आणि १९६३ मध्ये कवी प्रदीप यांच्या शब्दांना दिल्लीत लताबाईंच्या कंठातून अजरामर करणारा संगीतकार उसनवारीवर जगला, असे कुणी म्हणणार नाही. १९५७ च्या ‘आशा’त तर त्यांनी जे केले ते कुठूनच घेतलेले नव्हते. बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या गणनेचा निरर्थक उच्चार कानावर आला, जॉन गोम्स या गोवेकर सहायकाने त्यात भर घातली, कोंकणीतला ‘नाका’, म्हणजे ‘नको’, तोही आत शिरला, आणि ‘ईना मीना डीका’ तयार झाले, असा किस्सा सांगितला जातो. किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांनीही ते स्वतंत्रपणे गायिले. गोम्सचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले, मॅकह्यू १९६९ मध्ये, चिक चॉकलेट त्यांच्याही आधी, १९६७ मध्ये. पुढे कायदा बदलला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन चित्रपटगीतांचे गीतकार आणि संगीतकार यांना मानधनातला वाटा मिळण्याची तरतूद झाली. त्याच दुरुस्तीने ‘कलावंत’ या शब्दाच्या व्याख्येला एक अपवाद जोडला. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाचे आहे, आणि व्यवसायाच्या रूढ प्रथेनुसार ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कुठेही केला जात नाही, अशा व्यक्तीला कलावंत मानले जाणार नाही. आपल्या कामाचा विपर्यास झाल्यास हरकत घेण्यापुरता हक्क तिला राहील. म्हणजे नाव न छापण्याची जुनी सवयच कायद्यात एक अट होऊन बसली.

चिक चॉकलेटपुरता एक पुरावा शिल्लक आहे. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवान आणि गीता बाली यांच्यासोबत एका नृत्यगीतात तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरच येतो. हातात ट्रम्पेट आहे, गाल फुगलेले आहेत.